पान कोन तोमाते: लगदा का होतो आणि कुरकुरीत कसं राहतं

प्रश्न असा आला आहे: "पाहुण्यांसाठी घरी स्पॅनिश पान कोन तोमाते केलं. ब्रेड ओव्हनमध्ये भाजला, टोमॅटो किसून वर पसरला, ऑलिव्ह ऑइल घातलं. दहा मिनिटांत ब्रेडचा लगदा झाला आणि चव नुसती आंबट, फिकी लागली. टोमॅटो घासायचा की किसायचा? आपल्याकडचे टोमॅटो आणि ब्रेड चालतात का? दहा-बारा जणांसाठी आधी काय काय करून ठेवता येईल?"

लगदा झाला तो आधी पावामुळे, टोमॅटोचा दोष त्याच्या नंतरचा. म्हणून आधी पावाचंच बोलते. मी बार्सिलोनातल्या स्वयंपाकघरांत काम केलं आहे आणि आता पुण्यात हा पदार्थ शिकवते. इथे शिकायला येणारे बहुतेक जण याच्याकडे "पावावर टोमॅटोची चटणी" म्हणून बघतात. तिथून पुढचं सगळं बिघडतं. हा पदार्थ मुळात कोरडा, शिळा पाव खाण्याजोगा करण्यासाठी जन्माला आला. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो त्याच घरगुती शहाणपणातून. पाव कोरडा असणं ही पहिली अट आहे, आणि टोमॅटो त्याला लागेल तेवढंच ओलं करायला येतो.

याचं मूळ घर कॅटालोनिया, म्हणजे स्पेनचा बार्सिलोनाच्या आसपासचा प्रदेश. तिथे याला पा अम्ब तुमाकेत म्हणतात. लिहिलेला सर्वांत जुना उल्लेख म्हणून सहसा १८८४ सालचा दाखला दिला जातो. टोमॅटो अमेरिकेतून स्पेनमध्ये आला सोळाव्या शतकात, पण सामान्यांच्या स्वयंपाकघरात रुळायला त्याला बराच काळ लागला. शेतावरच्या घरांत मोठे गोल पाव एकदम भाजून ठेवत, ते दिवसेंदिवस पुरवायचे आणि वाळत जायचे. उन्हाळ्याच्या शेवटी टोमॅटो उतू जायचा. दोन्ही एकत्र आले. बार्सिलोनात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की १९२० च्या दशकात मेट्रोच्या बोगद्यांवर कामाला आलेल्या मुर्सियाच्या मजुरांनी रुळांच्या कडेला टोमॅटो लावले आणि वाळलेला पाव त्याने ओला करून खायला सुरुवात केली. गोष्ट छान आहे, पण तिथली पहिली मेट्रो १९२४ ची आणि लेखी उल्लेख त्याच्या चाळीस वर्षं आधीचा, त्यामुळे ती टिकत नाही.

आता पाव. कॅटालोनियात यासाठी पा दे पाजेस घेतात, म्हणजे जाड कवचाचा, मोठा, गोल, गावाकडचा पाव. आत भोकं असमान, कापलेला भाग खरखरीत. हाच खरखरीतपणा कामाचा आहे, कारण भाजल्यावर त्या पृष्ठभागाची किसणी होते आणि टोमॅटोचा गर तीच खरवडून घेते. आपला पाकिटातला सँडविच ब्रेड इथे हरतो. त्यात साखर आणि फॅट असतं, पोत एकसारखा मऊ असतो, भाजला तरी वरून तांबूस आणि आतून दमट राहतो. रस पडला की तो स्पंजसारखा पितो. लादी पावाचंही तेच.

मग घ्यायचं काय? शहरात सावरडो (नैसर्गिक खमिराने आंबवलेला पाव) मिळत असेल तर तो घ्या, फक्त ताजा नको, आदल्या दिवशीचा. मुंबईत असाल तर इराणी बेकरीतला ब्रून पाव मला या कामाला फार आवडतो. आडवा कापून दोन भाग करायचे आणि कापलेली बाजू भाजायची. कवच इतकं कडक असतं की रस खाली झिरपत नाही, हातात धरायलाही सोपं. गोव्यात पोदेर आणतो तो उंडो घ्या, सकाळचा संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. पोईसुद्धा चालते, पण ती आतून पोकळ असल्याने उघडल्यावर दोन पातळ पापुद्रे मिळतात. ते चांगले कडक करून घ्यावे लागतात आणि टोमॅटो अगदी कमी लावावा लागतो. पोईतल्या कोंड्याची चव ऑलिव्ह तेलाबरोबर मात्र फार सुंदर लागते.

काप दीड सेंटिमीटर जाडीचे करा. पातळ काप भाजताना पापडासारखा होतो आणि जाड काप चावताना टोमॅटो मागे पडतो. कापलेले काप जाळीवर दोन-तीन तास उघडे ठेवा. फ्रिजमध्ये ठेवून वाळवू नका, त्याने पाव शिळा लवकर होतो पण कोरडा होत नाही, चामट होतो. वेळ नसेल तर ओव्हन १२० अंशांवर ठेवून दहा मिनिटं नुसते सुकवा, मग २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं भाजा. तुमच्या ओव्हनमध्ये बहुधा हा सुकवण्याचा टप्पा राहिला. एकदम जोराच्या आचेवर बाहेरची बाजू लवकर रंगते, आतलं पाणी आतच राहतं, आणि पाव बाहेर काढला की तीच वाफ कवचाकडे येऊन त्याला मऊ करते.

ओव्हन नसेल तर काही अडत नाही. पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवा, मध्यम आच, काप उलटसुलट फिरवत तीन-चार मिनिटं. कडेला एखादा काळा डाग पडला तर उत्तमच, कॅटालोनियात निखाऱ्यावर भाजतात तेव्हा तो पडतोच आणि त्या किंचित कडवटपणाने टोमॅटोचा गोडवा वर येतो. तव्यावर भाजत असाल तर तेल-तूप न लावता, मंद आचेवर, उलथन्याने हलकं दाबत. भाजलेला काप ताटात आडवा टाकू नका. खालच्या बाजूला वाफ धरते आणि तुमची मेहनत दोन मिनिटांत वाया जाते. जाळीवर ठेवा, नाहीतर दोन-दोन काप एकमेकांना टेकवून उभे करा.

आता टोमॅटो. तिकडे घासण्यासाठी वेगळीच जात असते, तुमाकेत दे पेंजार. लहान, गोल, जाड सालीचा, आत रस भरपूर. उन्हाळ्यात तोडून दोऱ्यात ओवतात आणि हवेशीर जागी माळा टांगून ठेवतात. थंडीत, महिन्यांनंतरही तो वापरता येतो. मायोर्का बेटावर अशाच टोमॅटोला रामायेत म्हणतात, आणि तिथे तो बिनमिठाच्या काळसर पावावर घासून, वर तेल ओतून खातात. या टोमॅटोची साल जाड असण्याला कारण आहे: घासताना ती फाटत नाही, गर पावात जातो आणि साल हातात राहते.

आपल्या बाजारात दोन प्रकार दिसतात. एक लांबट, घट्ट भिंतीचा हायब्रीड, जो लांबच्या वाहतुकीत टिकावा म्हणून तयार केलेला असतो आणि बरेचदा अर्धवट रंग आला की तोडलेला असतो. दुसरा गावरान, चपटा, कंगोरे असलेला, पातळ सालीचा, रसाळ आणि आंबट. घासायला गावरान बरा, किसायला दोन्ही चालतात. पण जातीपेक्षा पिकण्याकडे लक्ष द्या. "नुसती आंबट" म्हणालात, ती चव न पिकलेल्या टोमॅटोची आहे. तीन-चार दिवस आधी आणा, देठाची बाजू खाली करून टोपलीत एका थरात ठेवा, उन्हात नको. दाबल्यावर बोट किंचित आत जाईल आणि देठाजवळ वास येईल तेव्हा तो तयार. भाजीसाठी आपण ज्याला "फार मऊ झालाय" म्हणून बाजूला काढतो, तोच इथे हवा.

फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटोचा सुगंध तयार करणारी यंत्रणा मंदावते. आठवडाभर गारठलेला टोमॅटो बाहेर काढून ठेवला तरी गेलेला सुगंध पूर्ण परत येत नाही. हा पदार्थ शिजवायचा नाही, त्यामुळे सुगंध गेला की झाकायला काहीच उरत नाही.

आणि बिया काढू नका. बियांभोवतीच्या त्या जेलीसारख्या गरात ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा बरंच जास्त असतं. जिभेवर जी भरीव, रेंगाळणारी चव येते ती तिथून. इटालियन ब्रुस्केटासाठी बिया काढून टोमॅटोच्या फोडी करतात, वर बेसिल घालतात, तो वेगळा पदार्थ झाला. इथे बिया काढल्या तर फिकेपणा तुम्ही स्वतःच ओढवून घेता.

घासायचा की किसायचा, हा खरा वादाचा मुद्दा. कॅटलन माणूस घासेल. दक्षिणेत, अँदालुसियात, सकाळच्या न्याहारीला आंतेकेराचा मोयेते नावाचा मऊ गोल पाव भाजून त्यावर किसलेला टोमॅटो आणि तेल घालतात. माद्रिदच्या कॅफेंतही किसलेलाच येतो, वाटीत. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर घरात चार जण असतील आणि टोमॅटो रसाळ असेल तर घासा. घासताना पावाला जेवढं हवं तेवढंच तो घेतो, आणि म्हणून कुरकुरीतपणा टिकतो. हायब्रीड टोमॅटो असेल किंवा माणसं जास्त असतील तर किसा.

घासण्याची पद्धत नीट सांगते, कारण यात हात महत्त्वाचा. कॅटालोनियातल्या लेइदा शहराच्या बाजूला एका घरी मी ज्या आजींना हे करताना पाहिलं, त्या टोमॅटो आडवा कापायच्या, देठ वर धरला तर मधोमध पट्टा जातो तसा. त्यामुळे बियांचे सगळे कप्पे एकदम उघडे पडतात. अर्धा टोमॅटो तळहातात धरून त्या आधी पावाच्या कडेने फिरवायच्या, कवचाला लागून, मग मध्ये यायच्या. मध्ये सुरुवात केली की तिथेच सगळा रस सांडतो आणि कडा कोरड्या राहतात. पहिले दोन-तीन फेरे हलक्या हाताने, बिया पावात अडकेपर्यंत. मग जोर वाढवायचा आणि गर खरवडू द्यायचा. शेवटी हातात नुसती साल राहते, इतकी पातळ की तिच्यातून उजेड दिसावा. पाव लाल रंगात माखलेला नसतो, गुलाबीसर ओलसर दिसतो आणि मधूनमधून भाजलेले तपकिरी उंचवटे वर डोकावतात. एका अर्ध्या टोमॅटोत त्यांचे दोन काप व्हायचे.

किसायचा असेल तर तसाच आडवा कापा. किसणीच्या मोठ्या भोकांच्या बाजूवर कापलेला भाग टेकवा आणि तळहात सपाट ठेवून घासत जा. साल हाताचं रक्षण करते, ती शेवटी टाकून द्या. मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये हवा मिसळते, रंग फिका गुलाबी होतो, बिया फुटल्या तर कडवटपणा येतो. किसलेल्या गरात ३०० ग्रॅम टोमॅटोला पाव चमचा मीठ घालून जाळीच्या गाळणीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मिठाने पाणी सुटतं, ते खाली जाऊ द्या. तुमचा पाव भिजला त्याचं दुसरं कारण हे पाणी. गाळणीत राहतो तो दाट गर चवीला कितीतरी पुढे असतो. खालचं पाणी फेकू नका, सारात किंवा वरणात घाला.

साखर घालू नका. टोमॅटोत दम नसेल तर मीठ आणि निथळणं यांनीच तो सुधारतो. साखरेने तो केचपकडे झुकतो.

लसूण ऐच्छिक आहे. कॅटालोनियात अनेक घरांत तो लावत नाहीत. लावणार असाल तर पाव गरम असतानाच, सोललेली पाकळी आडवी कापून एक-दोनदाच फिरवा. गरम खरखरीत पावावर लसूण फार वेगाने झिजतो. आपल्याकडचा लहान पाकळ्यांचा गावठी लसूण तिखट असतो, त्याची अर्धी पाकळी चार कापांना पुरते. किसलेल्या टोमॅटोत ठेचलेला लसूण मिसळू नका, अर्ध्या तासात बाकी कुठलीच चव उरत नाही.

मग मीठ, मग तेल, याच क्रमाने. मीठ जाडसर असू द्या. खडे मीठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटलं तरी पुरे, दाताखाली एखादा कण येतो ते छान लागतं. तेल शेवटी, बारीक धारेने. तिकडे यासाठी लांब चोचीची काचेची सुरई असते, तिच्यातून धार अगदी दोऱ्यासारखी येते. एका कापाला चहाचा एक चमचा तेल हवंच. त्याहून कमी घातलंत तर आंबटपणा पुढे येतो, कारण टोमॅटोच्या आंबटपणाला गोलाई देण्याचं काम तेलच करतं.

तेल मात्र एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या. "लाइट" किंवा "पोमेस" लिहिलेल्या बाटल्या आपल्या दुकानांत खूप असतात. त्या तळणीला किंवा फोडणीला ठीक, पण शुद्धीकरणात त्यांचा वास आणि चव गेलेली असते. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये आम्लता जास्तीत जास्त ०.८ टक्के असावी लागते आणि चवीत दोष चालत नाही. कॅटालोनियातलं ओळखीचं तेल आर्बेकिना जातीच्या बारीक ऑलिव्हचं, सौम्य, थोडं गोडसर, बदामाच्या अंगाचं. लेस गारिगेस आणि सिउराना हे त्याचे नावाजलेले प्रदेश. दक्षिणेतल्या खाएन भागातलं पिकुआल कडवट आणि घशाला तिखट लागणारं असतं, ते टोमॅटो खूप गोड असेल तेव्हा शोभतं. आपले टोमॅटो आंबटपणाकडे झुकतात, म्हणून मी आर्बेकिना सुचवेन. मोठा डबा घेऊन वर्षभर वापरण्यापेक्षा लहान, गडद काचेची बाटली घ्या आणि गॅसच्या शेजारी ठेवू नका, उजेड आणि उष्णता दोन्ही त्याला मारतात. दुसरं कुठलं तेल चालेल का असं विचारतात. घाण्याचं शेंगदाणा तेल घालून जे होतं ते खायला वाईट नाही, पण त्यात शेंगदाण्याचाच वास राहतो आणि टोमॅटो मागे पडतो.

कोथिंबीर, चाट मसाला, चीज, मिरची यांचा मोह टाळा. चार वस्तूंचा पदार्थ आहे, पाचवी आली की पहिल्या चार ऐकू येत नाहीत.

आता दहा-बारा जणांचा हिशेब. माणशी दोन लहान काप धरले तर २४ काप. त्यासाठी एक किलो पिकलेले टोमॅटो, १२० मिलिलिटर तेल, लसणाच्या चार-पाच पाकळ्या. किसून, निथळून साधारण अर्धा किलो गर हाती येतो, म्हणजे एका कापाला टेबलस्पूनभर. सकाळी पाव कापून जाळीवर उघडा ठेवा. पाहुणे यायच्या दीड तास आधी टोमॅटो किसून मीठ लावून गाळणीत ठेवा, फ्रिजबाहेरच, झाकून. तासभर आधी पाव भाजा आणि जाळीवर उभा ठेवा, डब्यात बंद करू नका. वाढताना ओव्हनमध्ये तीन मिनिटं परत गरम करा, लसूण फिरवा, आणि एका वेळी सहा-आठच काप तयार करा.

सगळे काप एकदम बाहेर न्यावेच लागणार असतील तर क्रम उलटा करा: आधी तेल, मग टोमॅटो, मग मीठ. तेलाने पावाची भोकं बुजतात आणि रस हळू शिरतो. जुन्या पद्धतीच्या कॅटलन माणसाला हे पटणार नाही, पण अशाने पंधरा-वीस मिनिटं हाताशी मिळतात. माझी स्वतःची पसंती मात्र तिसऱ्या मार्गाला. कॅटालोनियातल्या साध्या खाणावळींत भाजलेला पाव, अख्खे टोमॅटो, लसूण, मीठ आणि तेलाची सुरई टेबलावर आणून ठेवतात आणि ज्याचा तो करून घेतो. तुमच्याकडेही तसंच करा. लगद्याचा प्रश्नच उरत नाही, आणि पाहुण्यांचे हात कामाला लागले की गप्पाही सुरू होतात.

वर काय ठेवायचं? तिकडे खामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, पातळ काप, फुएत नावाचं वाळवलेलं बारीक सॉसेज, लेस्काला गावचे खारवलेले अँचोव्ही (लहान मासे), मांचेगो चीज किंवा बटाट्याचं जाड आम्लेट, हे सगळं पावाच्या वर किंवा शेजारी असतं. शाकाहारी घरात मी एस्कालिवादा करायला सांगते. वांगं, लाल ढोबळी मिरची आणि सालासकट कांदा थेट आचेवर किंवा निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, झाकून ठेवायचे, साल काढायची. सुरीने न कापता हाताने लांब पट्ट्या सोडवायच्या, मग मीठ आणि तेल. फोडणी नाही, मसाला नाही. हे आदल्या दिवशी करून ठेवलं तर जास्त चांगलं लागतं, फक्त वाढण्यापूर्वी तासभर बाहेर काढा.

टोमॅटो लावलेला पाव उरला तर तो ठेवण्यात अर्थ नाही. पण भाजलेला कोरडा पाव आणि किसलेला गर वेगवेगळे उरले असतील तर दुसऱ्या दिवशी कोर्दोबाचं साल्मोरेखो करा, दाट थंड सूप. प्रमाण असं: एक किलो टोमॅटोला २०० ग्रॅम पाव, १०० ग्रॅम तेल, लसणाची एक पाकळी, १० ग्रॅम मीठ. गर मिक्सरमध्ये फिरवून गाळून घ्यायचा (इथे मिक्सर लागतो, आणि बिया गाळणीत जातात), त्यात पाव दहा मिनिटं भिजू द्यायचा, लसूण घालून पुन्हा फिरवायचं आणि फिरत असतानाच तेल धारेने सोडायचं. रंग लालवरून नारिंगी झाला की थांबायचं. फ्रिजमध्ये दोन तास गार करून वर उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे घालून वाढा.